पोरगं असं का वागतं? वर्गात त्रास देणाऱ्या मुलांविषयी

चौथीचा वर्ग, मराठीचा तास. बाई सांगतात, "पान बत्तीस काढा. एकेकाने उभं राहून परिच्छेद वाचायचा." पहिल्या बाकापासून वाचन सुरू होतं. तिसऱ्या रांगेतला एक मुलगा, आपण त्याला सागर म्हणू, आधी पेन्सिलीला टोक करायला उठतो. मग शेजारच्याची वही ओढतो. त्याची पाळी यायला दोन मुलं उरली की पुढच्याच्या पाठीत गुद्दा घालतो. आरडाओरडा होतो. बाई वैतागतात, "चल, बाहेर उभा राहा!" सागर मुकाट्याने व्हरांड्यात जातो आणि तास संपेपर्यंत तिथेच उभा राहतो.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. शिक्षकांच्या खोलीत त्याची ख्याती पक्की झालेली असते: वांड आहे, आगाऊ आहे, घरूनच बिघडलेलं आहे. पण या प्रसंगाचा शेवट नीट पाहिला तर एक गोष्ट दिसते. सागरला वाचावं लागलं नाही. त्याला अजून जोडाक्षरं वाचता येत नाहीत आणि चाळीस मुलांसमोर अडखळण्यापेक्षा बाहेर उभं राहणं त्याला परवडतं. बाईंनी शिक्षा दिली, सागरला मात्र त्यातून सुटका मिळाली. म्हणूनच ती शिक्षा कितीही वेळा दिली तरी गुद्दे थांबत नाहीत.

मुलांच्या वर्तनाचा अभ्यास करणारे लोक कित्येक दशकं हेच सांगत आले आहेत. जे वागणं पुन्हा पुन्हा घडतं, त्यातून मुलाला काहीतरी मिळत असतं किंवा काहीतरी टळत असतं. मूल हे डाव आखून करत नाही. एकदा केलं, टळलं. दुसऱ्यांदा केलं, पुन्हा टळलं. सवय लागली. "का रे असं करतोस?" असं विचारलं की मुलं मान खाली घालून गप्प राहतात ती बहुतेकदा यामुळेच. त्यांनाही ते माहीत नसतं.

मुलांना यातून जे मिळतं ते ढोबळमानाने चार प्रकारचं असतं. पहिलं म्हणजे सुटका, सागरला मिळाली तशी. दुसरं लक्ष: बाईंचं, मित्रांचं, अख्ख्या वर्गाच्या हसण्याचं. रागावणं हेसुद्धा लक्षच असतं. ज्या मुलाशी दिवसभरात कुणी धड बोलत नाही, त्याला ओरडा खाणंही चालतं. तिसरं एखादी हवी असलेली वस्तू किंवा जागा, म्हणजे बॅट, खिडकीजवळचं बाक, रांगेत पहिला नंबर. आणि चौथं शरीराची स्वतःची गरज. काही मुलांना हलल्याशिवाय राहवत नाही, काहींना गोंगाट अक्षरशः सहन होत नाही. स्वमग्न (ऑटिझम असलेलं) मूल प्रार्थनेच्या वेळी लाउडस्पीकर सुरू झाला की कानांवर हात ठेवून किंचाळतं, ते कुणाचा अपमान करायला नव्हे.

घोटाळा होतो तो असा, की वागणं एकच दिसतं आणि त्यामागची कारणं वेगवेगळी असतात. दोन मुलं मारामारी करतात. एकाला गणितातून सुटायचं असतं, दुसऱ्याला मुलांमध्ये भाव खायचा असतो. दोघांनाही बाहेर काढलं तर पहिल्याला हवं तेच मिळालं. दुसऱ्यालाही कदाचित मिळालं, कारण बाहेर जाताना अख्खा वर्ग त्याच्याकडे बघत होता. "दुर्लक्ष करा, आपोआप थांबेल" हा सल्लाही असाच आहे. लक्षासाठी चाललेल्या गोष्टीला तो लागू पडतो. सुटकेसाठी चाललेल्या गोष्टीला तो काहीच करत नाही.

आधी नोंद, मग उपाय

कारण ओळखायला मानसशास्त्राची पदवी लागत नाही. वहीच्या मागच्या पानावर तीन रकाने आखावेत: आधी काय झालं, मुलाने काय केलं, त्यानंतर काय झालं. बाजूला वेळ आणि विषय. आठ-दहा दिवस, रोज एक-दोन नोंदी पुरतात.

नोंद करताना एक पथ्य पाळावं लागतं. "उद्धटपणा केला" असं लिहायचं नाही, डोळ्यांना दिसलं आणि कानांनी ऐकलं तेवढंच लिहायचं. "फळा पुसायला सांगितल्यावर 'मी नाही पुसणार' म्हणाला आणि डस्टर खिडकीतून बाहेर टाकलं." उद्धटपणा या शब्दातून काही हाती लागत नाही. डस्टरच्या नोंदीतून लागतं: सांगितलं कुणी, किती मुलांसमोर, नंतर फळा कुणी पुसला?

आठवड्याने पान वाचायला घेतलं की बहुतेकदा काहीतरी उलगडतं. सगळे प्रसंग पोषण आहाराच्या आधीच्या तासाला घडताहेत, म्हणजे मूल सकाळी काही न खाता येतंय का ते विचारायला हवं. सगळे सोमवारी घडताहेत, तर शनिवार-रविवारी घरी काय होतं? सगळे एकाच सरांच्या तासाला घडत असतील, तर ते त्या सरांनाही कळायला हवं, आणि हे सांगणं अवघड असतं म्हणून टाळलं जातं. माझ्या मते सगळ्यात उपयोगी नोंद मात्र वेगळीच असते: कोणत्या तासाला हे मूल अजिबात त्रास देत नाही? कार्यानुभवाच्या तासाला चाळीस मिनिटं शांतपणे कागद कापत बसणारा मुलगा "एका जागी बसूच शकत नाही" असं म्हणता येणार नाही.

कान, डोळे, पोट, झोप

स्वभावाला दोष देण्याआधी शरीर तपासावं. हा क्रम उलटा झाला की मुलाची वर्षं वाया जातात. ज्याचा कान वारंवार वाहतो त्याला सूचना अर्धवट ऐकू येतात. तो "ऐकत नाही" हे मग शब्दशः खरं असतं. फळ्यावरचं दिसत नसलेलं मूल शेजाऱ्याच्या वहीत डोकावतं आणि गप्पिष्ट ठरतं. काही मुलांना क्षणभराच्या फिट येतात, ज्यात पडणं-थरथरणं काही नसतं. नजर काही सेकंद शून्यात लागते आणि तेवढ्यात बोललेलं सगळं निसटतं. रक्त कमी असलेलं मूल चिडचिडं आणि मरगळलेलं असतं. रात्री उशिरापर्यंत मोबाइल बघणारं किंवा घराच्या एकाच खोलीत मोठ्यांची भांडणं ऐकत जागं राहणारं मूल सकाळी अकराला डोळे उघडे ठेवू शकत नाही.

यासाठी व्यवस्था आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013 साली पालघरमधून सुरू झाला. त्यात जन्मापासून 18 वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी होते. अंगणवाडीतल्या मुलांची वर्षातून दोनदा, सरकारी आणि अनुदानित शाळेतल्या मुलांची एकदा. जन्मजात दोष आणि आजार यांच्याबरोबर पोषणाची कमतरता आणि विकासातली दिरंगाईही त्यात पाहिली जाते. पण पथक येतं तेव्हा रांग मोठी असते आणि प्रत्येकाच्या वाट्याला मोजकी मिनिटं येतात. म्हणून शिक्षकांनी आधीच चार नावं कागदावर लिहून द्यावीत, नावापुढे एक ओळ: "मागून हाक मारली तर वळत नाही." डॉक्टरांना त्या ओळीची फार मदत होते.

एडीएचडीबद्दलही, म्हणजे लक्ष टिकत नाही किंवा अतिचंचलता असते त्या अवस्थेबद्दलही, थोडं बोलायला हवं, कारण हा शब्द आता पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सर्रास फेकला जातो. मूल चळवळं आहे एवढ्यावरून एडीएचडी ठरत नाही. लक्षणं 12 वर्षांच्या आधीपासून असावी लागतात, किमान सहा महिने टिकलेली असावी लागतात आणि घर व शाळा अशा किमान दोन ठिकाणी दिसावी लागतात. निदान डॉक्टरांनी किंवा मानसशास्त्रज्ञांनी करायचं, शिक्षकांनी निरीक्षण पुरवायचं. आणि एक प्रकार असा असतो की ज्यात मूल अजिबात उड्या मारत नाही, खिडकीबाहेर बघत हरवून बसतं. ते कुणालाच त्रास देत नाही म्हणून कुणाच्याच नजरेत येत नाही. मुलींच्या बाबतीत हे जास्त होतं.

अध्ययन अक्षमतेचं तसंच. बुद्धी व्यवस्थित, बोलणं चुणचुणीत, पण वाचन-लेखन किंवा आकडेमोड जमत नाही. 2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात दिव्यांगत्वाचे 21 प्रकार नोंदवले आहेत. त्यात अध्ययन अक्षमता आणि स्वमग्नता दोन्ही आहेत. सरकारने ठरवून दिलेल्या रुग्णालयातून प्रमाणपत्र मिळालं तर दहावी-बारावीच्या परीक्षेत जादा वेळ, लेखनिक अशा सवलती मिळतात. दुर्दैव असं की दहावीचा अर्ज भरायची वेळ आली की पळापळ सुरू होते. खरं तर खुणा तिसरी-चौथीतच दिसलेल्या असतात, फक्त त्या "मस्तीखोर" या शेऱ्याखाली झाकल्या जातात.

मग सागरचं काय करायचं?

इथे तीन ठिकाणी हात घालता येतो: प्रसंगाच्या आधी, प्रसंगाच्या जागी आणि प्रसंगानंतर.

आधी. सर्वांसमोर अचानक वाचायला लावणं सागरसाठी बंद करायचं. आदल्या दिवशी त्याला सांगून ठेवायचं, "उद्या तुझ्याकडे या दोन ओळी." त्या तो घरी किंवा मधल्या सुट्टीत मित्राबरोबर चार वेळा वाचून येईल. वर्गात जोडीने वाचन घेता येतं, सगळ्यांनी मिळून एका सुरात वाचता येतं. यात बाकीच्या मुलांचं काही बिघडत नाही. सागरसारखी आणखी पाच-सहा मुलं वर्गात गुपचूप बसलेली असतात, त्यांचाही फायदाच होतो.

प्रसंगाच्या जागी. गुद्द्याने जे काम होत होतं, तेच काम करणारा दुसरा, चालण्याजोगा मार्ग त्याला शिकवायचा. बाकावर पेन्सिल आडवी ठेवली की समजायचं, त्याला मदत हवी आहे. ही खूण फक्त बाईंना आणि त्याला माहीत. सुरुवातीचे दिवस खूण दिसली की लगेच जवळ जायचं, दहापैकी दहा वेळा. पेन्सिल ठेवूनही बाई आल्या नाहीत आणि गुद्दा घातल्यावर आल्या, तर सागर पुन्हा गुद्द्यावरच येणार. त्याचा अनुभव त्याला तेच शिकवतो.

नंतर. मारलं म्हणून वाचन टळणार नाही. शांत झाल्यावर, सगळ्यांच्या देखत न करता, एक ओळ का होईना वाचायचीच. ज्याला लागलं त्याची विचारपूस करायची. आणि सागरला वाचायला शिकवायचं. हे मी शेवटी लिहितो आहे, पण महत्त्व याला सगळ्यात जास्त आहे. मुलांना वाचन-गणित किती येतं ते पाहणाऱ्या 'असर' सर्वेक्षणात वापरतात तशी साधी चाचणी कुणीही घेऊ शकतं: अक्षरं, मग सुटे शब्द, मग पहिलीच्या पातळीचा परिच्छेद, मग दुसरीच्या पातळीची गोष्ट. मूल जिथे अडतं तिथून सुरुवात करायची. चौथीचं पुस्तक पुढे धरून उपयोग नाही. जोडाक्षरं वाचता येऊ लागली की गुद्द्यांचं कारणच उरत नाही.

एक इशारा. जुना मार्ग बंद झाला की पहिले काही दिवस वागणं आणखी बिघडतं. गुद्द्याच्या जागी बाक पाडलं जातं. अनेक शिक्षक नेमके इथे हरतात आणि "हे असलं काही आपल्या पोरांना चालत नाही" म्हणून सोडून देतात. खरं तर मूल फक्त तपासून बघत असतं, जोर वाढवला तर जुनं अजून चालतंय का. तेवढे दिवस ठाम राहावं लागतं, आणि मुख्याध्यापकांना आधीच सांगून ठेवावं लागतं.

कौतुकाबद्दल थोडं. "शाब्बास, गुड बॉय" याने फार काही होत नाही. "आज तू पेन्सिल ठेवून वाट पाहिलीस" यातून मुलाला नेमकं कळतं की काय बरोबर केलं. पाचवीच्या पुढच्या मुलांना सर्वांसमोर कौतुक केलेलं अवघडल्यासारखं होतं. त्यांना जाता जाता हळूच सांगावं.

पारा चढलेला असताना

मूल भडकलेलं असतं, वस्तू फेकत असतं, त्या क्षणी शिकवणूक उपयोगाची नाही. त्या अवस्थेत डोकं ऐकण्याच्या स्थितीत नसतं. "माफी माग आधी!" हा आग्रह आगीत तेल ओततो. आवाज खाली आणायचा, शब्द कमी करायचे, हातभर अंतर राखायचं, बाकी मुलांना मैदानावर किंवा शेजारच्या वर्गात न्यायचं. मुलाला कोंडायचं नाही, धरून दाबायचं नाही. स्वतःला किंवा दुसऱ्याला गंभीर इजा करणार असेल तर तेवढ्यापुरतं थांबवायचं. पाणी द्यायचं आणि थांबायचं. शांत झाल्यासारखं दिसलं तरी आतून निवायला अर्धा तास लागू शकतो. बोलणं त्यानंतर, आणि शक्यतो चालता चालता, समोरासमोर बसवून उलटतपासणी घेतल्यासारखं नको.

पालकांना बोलावलं की हमखास ऐकू येणारं वाक्य आहे: "सर, तुम्ही हाणा खुशाल, आमची काही हरकत नाही." त्यामागे शिक्षकावरचा विश्वास असतो हे मान्य. पण पालकांची परवानगी इथे चालत नाही. शिक्षण हक्क कायदा, 2009 च्या कलम 17 नुसार शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींना बंदी आहे. अंगठे धरायला लावणं, वर्गासमोर "ढ" म्हणणं हेही त्यातच येतं. त्याच कायद्याने प्राथमिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढून टाकता येत नाही. दाखला हातात ठेवून "दुसरी शाळा बघा" म्हणणं हा मार्ग नाही. आणि कायदा बाजूला ठेवला तरी मार एवढंच शिकवतो, की या माणसासमोर असं करायचं नाही. काय करायचं, ते शिकायचं राहूनच जातं. शिवाय शाळेची तक्रार घरी गेली की घरी पट्टा निघतो. म्हणून पालकांना पहिला फोन चांगल्या गोष्टीसाठी करावा. "आज सागरने दोन ओळी वाचल्या" एवढाच. ज्या घरात शाळेचा फोन म्हणजे तक्रारच, त्या घरात या फोनने काय होतं ते एकदा करून बघावं.

घराचं आणखी एक. बीडसारख्या जिल्ह्यांतून दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला कुटुंबं निघतात आणि हंगाम संपल्यावर परततात. मूल आईबापाबरोबर गेलं तर निम्मं वर्ष बुडतं. आजीकडे राहिलं तर निम्मं वर्ष आईविना जातं. परत आलेलं मूल वर्गात हुंदडतं किंवा कोपऱ्यात गप्प बसतं. त्याच्या वागण्यावर उपाय शोधताना सुटलेला अभ्यास आणि सुटलेली माणसं दोन्ही लक्षात घ्यावी लागतात.

वर्गच भरलेला असेल तर

हे सगळं वाचून शिक्षक विचारतील, आणि त्यांचा प्रश्न रास्त आहे: वेळ कुठे आहे? शिक्षण हक्क कायदा पहिली ते पाचवीला एका शिक्षकामागे 30 मुलं म्हणतो. द्विशिक्षकी शाळेत एकाच खोलीत दोन-तीन इयत्ता, वर मतदार यादी, सर्वेक्षणं, ऑनलाइन माहिती भरणं. एकट्या शिक्षकाच्या धीरावर ही गोष्ट सोडून देणं मला अन्यायाचं वाटतं. गटसाधन केंद्रात समावेशित शिक्षणाचे विशेष शिक्षक असतात, त्यांना लेखी मागणी करून बोलवावं. आणि सुरुवात एक मूल, एक वागणं, एक तास एवढ्यापुरतीच करावी.

संपूर्ण वर्गासाठीही एक जुना, पारखलेला मार्ग आहे. 1969 साली अमेरिकेत कॅन्ससमध्ये बॅरिश, सॉन्डर्स आणि वुल्फ या अभ्यासकांनी चौथीच्या वर्गात एक खेळ करून पाहिला. त्या वर्गातली सात मुलं वारंवार मुख्याध्यापकांकडे पाठवली जात होती. वर्गाचे दोन गट पाडले. जागेवरून उठणं, मध्येच बोलणं याची खूण त्या गटाच्या नावापुढे फळ्यावर होई. ठरलेल्या संख्येच्या आत राहिले तर दोन्ही गट जिंकू शकत होते. बक्षीस म्हणजे जेवणाला आधी जाणं, थोडा मोकळा वेळ, असं काहीतरी. गोंधळ स्पष्टपणे घटला. पुढे 1980 च्या दशकात बाल्टिमोरच्या शाळांमध्ये पहिली-दुसरीत हा खेळ घेतला गेला आणि ती मुलं मोठी होईपर्यंत त्यांचा मागोवा ठेवला. लहानपणी जास्त आक्रमक असलेल्या मुलग्यांमध्ये व्यसनांचं प्रमाण कमी निघालं. आपल्याकडे वर्गात गट असतातच. दिवसातून पंधरा मिनिटं खेळून सुरुवात करता येते. एखादं मूल मुद्दाम गटाला हरवू लागलं तर त्याचा वेगळा गट करावा, नाहीतर बाकीची मुलं सुट्टीत त्याच्यावर राग काढतात.

एका परिस्थितीत मात्र नोंदी करत बसायचं नाही. मुलाचं वागणं अचानक पालटलं, हसतं-खेळतं मूल घाबरू लागलं, ठरावीक माणसाला टाळू लागलं, वयाला न शोभणारं लैंगिक बोलू-वागू लागलं, अंगावर खुणा दिसल्या, तर अत्याचाराची शक्यता धरूनच चालावं. मुलाने काही सांगितलं तर शांतपणे ऐकावं, खोदून खोदून विचारू नये, "कुणाला सांगणार नाही" असं वचन देऊ नये. मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या पोक्सो कायदा, 2012 नुसार पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, शाळेने आतल्या आत मिटवायची ती बाब नाही. 1098 हा मुलांसाठीचा मदतीचा क्रमांक चोवीस तास चालतो. मुलाच्या किंवा पालकांच्या मानसिक ताणासाठी टेलिमानस या सरकारी सेवेचा 14416 हा मोफत क्रमांक आहे, त्यावर मराठीत बोलता येतं.

मार्च-एप्रिलमध्ये वहीतली सुरुवातीची पानं आणि आताची पानं शेजारी ठेवून मोजावं. आठवड्याला आठ प्रसंग होते ते तीनवर आले असतील तर मार्ग बरोबर आहे, मग ते तीन कितीही डोकं फिरवणारे असोत. दिवाळीच्या सुट्टीनंतर आकडा पुन्हा वर गेलेला दिसेल. बहुतेक मुलांचं तसं होतं, आणि दुसऱ्या वेळी तो लवकर खाली येतो. जूनमध्ये मूल पुढच्या वर्गात जाईल, कदाचित नव्या शिक्षकांकडे. त्यांना "सांभाळा बरं, फार त्रासदायक आहे" असं तोंडी सांगण्याऐवजी अर्ध्या पानाची चिठ्ठी द्यावी: कोणत्या तासाला अडतो, कशाने भडकतो, पेन्सिलची खूण काय आहे, वाचन कुठवर आलं आहे, आणि कागदकाम त्याला किती आवडतं.